एकदा उलटलेली फरशी

फरशी उचलायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या एकूण एक शहाबादीवर खडूने आकडे घातले. निघालेला तुकडा जिथला तिथे परत बसावा म्हणून. काम इतकं देखणं झालं की मी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिने पाहिलं आणि कुकर लावायला गेली. सकाळी गवंडी आला, त्याने पाहिलं आणि तो मात्र बोलला.

"दादा, फरशी उलटी टाकायचीय ना?"

"हो."

"मंग आकडं जात्याल खाली. मी काय झोपून बघू?"

फरशी उलटी टाकायची कल्पनाही माझीच. या वर्षी पडवीच्या पत्र्यांनी जमवलेला पैसा खाल्ला आणि फरशीच्या वाट्याला गवंड्याची मजुरी तेवढी उरली. म्हटलं, दगड तर दगडच आहे. वरची बाजू झिजली, खालची कोरी असणार. पाव भाजताना आपण उलटतोच की. तशी आम्ही पिरंगुटच्या दुकानात नव्या टाईल्सही बघून आलो होतो. बायकोने पिशवीतून परात काढली, टाईलवर ठेवली आणि तळहाताने दाबली, तर परात सरकत थेट दुकानदाराच्या पायाशी. महाळुंग्याच्या नव्या बिल्डिंगांमध्ये लोक त्या फरशीवर चालतात कसे, हे मला अजून उमगलेलं नाही.

परातीचं कारण असं. बायको उरवड्याच्या कंपन्यांतल्या कामगारांना तांदळाच्या भाकऱ्या पुरवते. ओट्यापाशी उभं राहून तिला भाकरी थापता येत नाही, खाली बसूनच जमतं. आमची जुनी फरशी कुठे खचलेली, कुठे पोटात गेलेली. परात डुगडुगायची, भाकरी एका कडेला जाड नि दुसरीकडे चिरलेली निघायची. गेल्या महिन्यात कंपनीतून निरोप आला होता, "वहिनी, अशाच येणार असतील तर आम्ही दुसरीकडे बघतो." त्या दिवसापासून घरात नव्या फरशीशिवाय विषय नव्हता. पाहुण्यांना दाखवायला तिला काही नको होतं. परात हलू नये, एवढंच हवं होतं.

तर गवंड्याने पहारीने पहिली फरशी उचकटली. आम्ही तिघं वाकून बघायला लागलो. तिघं म्हणजे मी, तो आणि मागून खांद्यावरून डोकावणारी माझी आई. खालची माती झटकली. खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त झिजलेली!

दुसरी उचलली, तीही तशीच. तिसरीवर मधोमध गोल खळगा, जातं वर्षानुवर्षं फिरल्यासारखा. म्हणजे ही फरशी पूर्वी एकदा उलटून झालेली होती. माझी नामी कल्पना माझ्या आधी कुणाला तरी सुचली होती.

माझे वडील हयातभर सांगत, "घरात नवीकोरी फरशी घातली, ट्रक भरून आणली." मी आईकडे वळलो.

"आई, ही नवी होती ना?"

"ट्रकातनंच आली की. घोटावड्याच्या अंगाला कुनाचं तरी घर पाडलं हुतं, तितनं."

"मग नवी कशी?"

"आमाला नवीच हुती," आई म्हणाली आणि पदराने एक फरशी पुसायला लागली.

मग मला चैन पडेना. अंगणात सगळ्या फरश्या पालथ्या मांडून मी त्या कुणाच्या तरी घराचा माग काढत बसलो. इथे चूल असणार, दगड काळा पडलाय. ही उंबऱ्याजवळची असेल, कड गुळगुळीत झालीय. मला वाटत होतं की नीट जुळवल्या तर ती अख्खी खोली माझ्या अंगणात उभी राहील. गवंडी बिडी ओढत बघत होता.

"दादा, आज काम हाय का शाळा?"

तेवढ्यात कणगीखालून निघालेली मोठी फरशी आली. तिची माती पडली आणि खाली रेघा दिसल्या. छिन्नीने कोरलेले तीन चौकोन, एकात एक, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा.

"नवकांकरी हाय ती," आई म्हणाली. "बस हितं. चिंचोकं आन."

मी चिंचोके आणले, तिने खडे वेचले. तीन एका ओळीत लागले की समोरच्याचा एक मारायचा. आईने माझे असे मारले की गवंड्यानेही बिडी विझवली. हरता हरता मला दिसलं, पटाच्या एका बाजूला दगड बशीसारखा झिजलाय. मी म्हटलं, "इथे रोज एकच माणूस बसत असणार. आणि तो हरणारा असणार. जिंकणारा उठून जातो, हरणारा आणखी एक डाव म्हणून बसून राहतो."

"न्हाई रं," आई म्हणाली. "घागर ठेवत आसतील."

दुपारी बायको परात घेऊन अंगणात आली. तिला कुणाचं घर नि कुणाचा पट, काही देणंघेणं नव्हतं. ती एकेका फरशीवर परात ठेवी, रिकाम्या परातीत थापल्यासारखा हात दाबी, "हलतीय" म्हणे आणि पुढे सरके. शेवटी ती पटाच्या फरशीपाशी आली. गवंड्याकडून ती उलटी करून घेतली. वर आलेली बाजू आमच्याकडे कायम कणगीखाली होती, तिच्यावर कुणाचा पाय पडला नव्हता. परात ठेवली, दाबली. हलली नाही.

"ही माझ्या जागेला," ती म्हणाली.

"अगं, पट खाली जाईल! ही आपण पडवीत लावू, पट वर ठेवून. येणारे-जाणारे बघतील. तुला दुसरी देतो."

"द्या. न हलणारी द्या, म्हणजे झालं."

परात माझ्या हातात देऊन ती आत गेली. मग मी अंगणात मांडी घालून या फरशीवरून त्या फरशीवर हवेतल्या भाकऱ्या थापत फिरलो. रस्त्याने जाणारा शेजारी थांबला. "काय रं, नवीन धंदा काढला का?" मी मान न वळवता थापत राहिलो. दोन्ही बाजूंनी बघितलं. कुठे पोट, कुठे पोक, कुठे कोपरा उडालेला. मला एकीकडे वाटे ही चालेल, थोडीशीच हलतेय. पण कंपनीचा निरोप घेऊन मीच घरी आलो होतो, तेव्हा तिचं तोंड बघितलेलं होतं. चिरलेल्या भाकऱ्या त्या रात्री आम्हीच खाल्ल्या होत्या.

ऊन कलल्यावर मी परात तिच्यापुढे ठेवली. "नाही सापडली."

पटाची फरशी तिच्या जागेवर बसवताना मी गवंड्याला जरा थांबवलं. ओल्या मालावर ती टेकायच्या आधी खाली वाकून रेघांवरून एकदा बोट फिरवलं. कोण असेल, कुणाशी खेळत असेल, घर पाडताना त्याला ही आठवली असेल का? गवंडी म्हणाला, "सोडा दादा, बोट आडकंल." मी सोडली.

माल वाळल्यावर पहिल्या सकाळी बायको तिथे बसली. परातीत उकड मळली, गोळा घेतला, थापायला लागली. मी दारात उभा. पहिली भाकरी तव्यावर गेली, पाणी फिरवलं, उलटली, आणि ती टम्म फुगली, एकसारखी, कुठेही चीर नाही.

"कशी आहे फरशी?" मी विचारलं.

तिने दुसरा गोळा परातीत घेतला. "पुढेमागे कुणी उचकटली तर म्हणतील, या घरातल्या बाईला खेळातलं काही कळत नव्हतं. म्हणू देत," ती म्हणाली. "तुम्ही दारातून हला, उजेड अडतोय."