तांडेल मास्तरांचे पाय

पालघरच्या शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी मी एका चोराची मानगूट धरली. हातात चपला, पाठ भिंतीला चिकटलेली, असा तो चवड्यांवर आठवीच्या वर्गाकडे सरकत होता. मी "चोर! चोर!" असा गजर केला आणि अख्खा वर्ग खिडक्यांना लटकून हसू लागला. ते इंग्रजीचे तांडेल मास्तर होते. त्या शाळेत अठरा वर्षं झालेले.

"सोडा सर, धड शर्ट एवढा एकच हाय," ते म्हणाले. मग वर्गाकडे वळून, "बघितलंत? गणिताच्या सरांनापण कळलं. याला म्हणायचं स्नीक!"

तारापूरपलीकडच्या कोळीवाड्यातला हा माणूस. इंग्रजीत चोरपावलांचे जितके शब्द आहेत, तितक्या चाली त्यांच्या पायांत होत्या. "मांजर वाळत घातलेल्या बोंबलाकडं जातं ते स्नीक. पाठीत काठी खाऊन, शेपूट खाली घालून परत येतं ते स्लिंक. आन् पिंपाआड दबून बसतं ते स्कल्क." मासवणकडच्या खेड्यांतून आलेली, घरात इंग्रजीचं अक्षर नसलेली मुलंसुद्धा हे शब्द चालून दाखवत. कुणी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलं, की मास्तर ओरडत, "तोंडाकडं नको, पायाकडं बघा! तोंडाला नाटक जमतं, पायांना नाय जमत."

त्याच सुमाराला तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं. बाहेरगावचे इंजिनिअर राहायला आले आणि आमच्या संचालकांना इंग्रजीला पदवीधर शिक्षक हवासा वाटू लागला. मास्तर मॅट्रिक. त्यांना ठेवायचं की काढायचं, ते शनिवारच्या सभेत ठरणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. हिनं दिलेला चहा तसाच निवत ठेवून म्हणाले, "सर, तुमी बीएस्सी. तुमचं ऐकतील. एवढंच बोला, की पोरांना या माणसाचं शिकवणं कळतं. मला दुसरं काय येत नाय. होडीवरपण आता कोन घेणार?"

"बोलतो की!" मी छाती काढून म्हणालो.

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. सभेत मी मागच्या दाराजवळची खुर्ची धरली. विषय निघाला. "कुणाला काही बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं, आणि मी चपला हातात घेऊन मागच्या दारानं सटकलो. चवड्यांवर. रस्त्याला लागेपर्यंत मानही खाली गेली होती. मांजराला स्नीक आणि स्लिंक जमायला दोन खेपा लागत, ते मी एकाच खेपेत उरकलं. घरी डोकं दुखल्याचं सांगितलं. हिनं बाम आणून दिला.

मास्तरांची नोकरी गेली. नवे सर शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देत. मुलं मुकाट उतरवून घेत.

दोनेक वर्षांनी मी आणि ही बोईसर स्टेशनावर गाडीची वाट बघत होतो. खाकी कपड्यांतला एक माणूस, हातात डबा, भिंतीच्या कडेकडेनं येत होता. मास्तर कुठल्याशा ठेकेदाराच्या गोदामावर पहारेकरी झाल्याचं कानावर होतं. चाल मी लांबूनच ओळखली. आता ती कुणाला शिकवण्यासाठी नव्हती. मी झटकन वेळापत्रकाच्या फळ्यामागे शिरलो आणि त्याच्या पाठीवरच्या कोऱ्या पत्र्यावर गाड्यांच्या वेळा वाचत उभा राहिलो.

पावलं जवळ आली. थांबली. मग पुढे गेली.

"या आता बाहेर," बायको म्हणाली. "तो फळा दोन खांबांवर उभा आहे हो. खालून तुमचे पाय दिसत होते. मास्तरांनी मला नमस्कार केला, आणि सगळा वेळ तेवढेच बघत होते."