शकूआत्याची न्यायाधीशबाई

आत्या गेली तेव्हा तिच्या उशाशी मीच होते. पण संध्याकाळी एका वाहिनीने तिला आदरांजली वाहिली, ती 'सर्वांची लाडकी वऱ्हाडी मोलकरीण' म्हणून. तीच जुनी दृश्यं... हातात झाडू, तोंडात वऱ्हाडी, मागून हशा. मी टीव्ही बंद केला. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, तिची पुरी ओळख कोणीतरी सांगायला हवी.

शकुंतलाआत्या पांढरकवड्याची. आजोबा तहसील कचेरीत कारकून. गावातल्या नाटकांतून ती मुंबईला पोचली आणि मालिका-चित्रपटांत छोट्या भूमिका करू लागली. शेजारीण, नर्स, नायिकेची मावशी आणि मग ती मोलकरीण. मालिका घरोघर गाजली. लोक तिला रस्त्यात अडवून संवाद म्हणायला लावत, तीही हसत म्हणायची. एकदा घरी आली असताना अंगणात मिरच्यांचे देठ खुडता खुडता मात्र म्हणाली, "मायी माय जिंदगीभर असंच बोलली. तिच्यावर कोणी हसत नव्हतं. मंग माह्यावर काहून हसतेत?" आत्याने मुंबईला परत जाऊन मालिका सोडली.

पुढे जे काम येई त्यात झाडू असेच. तिने सगळी कामं नाकारली. डोक्यात हवा गेली, असं इंडस्ट्रीत बोललं गेलं. काही वर्षं फोन वाजेनासा झाला... पण रडगाणं तिने कधी गायलं नाही.

मग एका नव्या दिग्दर्शकाने तिला न्यायाधीशाची भूमिका दिली. कथा आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातली. मी त्या दिवशी सेटवर होते. काळा कोट घालून ती खुर्चीवर बसली आणि निर्मात्याचा माणूस आला. "बाई, न्यायाधीश आहे, तेव्हा शुद्ध बोला. नाहीतर नंतर दुसरीचा आवाज लावू."

आत्याने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "इथली पोरगी न्यायाधीश झाली की आपली बोली घरी ठेवून येते काय? आवाज दुसरीचा लावाचा असन, त तोंडही दुसरीचंच घ्या." आणि ती कोटाची बटणं सोडायला लागली.

दिग्दर्शकानेच तिला थांबवलं. "एकदा तुमच्या पद्धतीनं करा, बाई."

तिने निकाल वऱ्हाडीतच वाचला. ना आवाज चढवला, ना हेल ओढला. सेटवर कोणी हसलं नाही. तो आवाज चित्रपटात तसाच राहिला. यवतमाळच्या थिएटरात आम्ही शेजारी बसलो होतो. निकाल संपला तेव्हा मागच्या रांगेतली एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, "पाह्य वं, आपल्यासारखीच बोलून राह्यली." आत्याने माझा हात घट्ट दाबला. कुठला पुरस्कार मिळाला नाही. तिला त्याची उणीव भासल्याचं मला तरी दिसलं नाही.

अखेरची वर्षं ती पांढरकवड्यालाच राहिली. रविवारी समोरच्या खोलीत शाळेतल्या मुलींची तालीम घ्यायची, तीही रस्त्याकडचं दार सताड उघडं टाकून. परवाच्या रविवारी मुली आपणहून आल्या. एकीने संवाद सुरू केला. सुतकाचं घर म्हणून दुसरीने हळूच दार लोटून घेतलं.

मी उठले आणि दार पुन्हा उघडलं.

"मोठ्यानं बोल," मी म्हणाले. "रस्त्यावर ऐकू जाऊ दे."