अकरा वॅट

आमच्या कारखान्याच्या चाचणी विभागात तिला सगळे मीटरबाई म्हणत. मीटर दाखवेल तेवढंच खरं मानणारी, तोंडाने फटकळ. विभागाचे साहेब म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरी दाजी, इथे साहेब. आणि दोन्हीकडे विळ्याभोपळ्याचं सख्य.

त्या वर्षी डिश अँटेनाच्या मायक्रोवेव्ह ॲम्प्लिफायरचा नवा लॉट तयार झाला. प्रत्येकाने चाळीस वॅट द्यायचे, तर एकही नग अकराच्या वर जाईना. साहेबांनी सगळ्यांदेखत तिच्यावर खापर फोडलं: सोल्डरिंग कच्चं आहे, ते तपासताना बाईंचं लक्ष नसतं. ती साहेबांकडे पाठ करून स्टुलावर बसली.

आधी तिने केबल आणि मीटर तपासले, मग आत जाणारा सिग्नल. सगळं ठीक. व्होल्टेज बरोबर, करंट बरोबर. ट्रान्झिस्टर बदलला, तरी काटा ढिम्म. साहेब तासातासाला मागे येऊन उभे राहत आणि घड्याळ बघून निघून जात.

तिसऱ्या दिवशी तिने दातकोरणीच्या टोकाला तांब्याचा तिळाएवढा तुकडा चिकटवला आणि सर्किट बोर्डवरच्या, सिग्नल नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीवरून हळूहळू सरकवला. एका जागी अकराचे एकोणतीस झाले. म्हणजे पार्ट ठणठणीत होते. पट्टीचं मापच जुळत नव्हतं, त्यामुळे शक्ती बाहेर पडण्याऐवजी माघारी फिरत होती. तिने बोर्डाची जाडी मोजली. पट्टी जुन्या, पातळ बोर्डासाठी आखलेली होती आणि हा जाड होता. बदलाला मंजुरी कुणी दिली, ते फाइलीत होतं.

तिने फाइल साहेबांपुढे उघडून ठेवली. "सोल्डरिंग कच्चं नाही. बोर्ड जाड आहे. सही तुमची आहे."

"घरी बोलू," साहेब म्हणाले.

"घरी कशाला? तुम्ही तर इथेच बोललात, सगळ्यांसमोर."

पट्टीचं माप बदललं, नग एकेचाळीस वॅट देऊ लागले. अहवालात मात्र दोष साहेबांनी शोधल्याचं लिहिलं गेलं. तिने त्याच्या प्रतीवर लाल पेनने "खोटं" लिहिलं, खाली सही केली आणि कागद नोटीस बोर्डवर टाचला. आठवड्यात तिची बदली गोदामात झाली.

बहिणीचा फोन आला. तुझ्यापायी माझ्या घरात तीन दिवस कुणी धड जेवलं नाही, असं म्हणाली. मी कुणाच्या तोंडाला कुलूप घातलेलं नाही, असं सुनावून हिने फोन आपटला.

पाच वर्षांनी दोघी भेटल्या त्या आई आजारी पडल्यावर, दवाखान्यात. एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून होत्या. थोरलीने विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे," मीटरबाई म्हणाली, आणि आईची औषधं आणायला उठली.