एक्क्याऐंशी चुकीची उत्तरं

तीस वर्षांच्या नोकरीत किती प्रकरणं हातावेगळी केली, ते मी कधी मोजलं नाही. मुळशी भागातलं एक प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. ते लिहू नका, खात्याची अब्रू जाईल, असं दोन जुन्या सहकाऱ्यांनी मला प्रेमाने सांगितलं. मी लिहितोय. माझ्या चार पानांनी जाणारी अब्रू असेल तर ती गेलेली बरी. नावं कोणाचीच देत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी तिथल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो, गावकऱ्यांच्या तोंडी फौजदार. भातकापणी उरकून खळ्यांवर मळणी चालू होती. घोटावड्याच्या अलीकडे एक मोठी भातगिरणी होती. गिरणीच्या मालकाने कुंपण घालून बौद्धवस्तीची स्मशानाकडे जाणारी वाट तीन वर्षं बंद केली होती. वस्तीतला एक माणूस, कारखान्यात फिटरचं काम करणारा, मामलेदार कचेरीत खेटे घालत राहिला आणि त्याने वाट मोकळी करण्याचा हुकूम मिळवला. कुंपण निघालं. त्यानंतर चौथ्या दिवशी भर दुपारी, त्याच वाटेवर, गिरणीच्या जीपखाली तो माणूस मेला.

मी पोचलो तेव्हा जीप बांधाला धडकून उभी होती आणि शेजारी गिरणीचा ड्रायव्हर उभा होता. डोंगरातल्या वाडीवरचा, चाळिशीचा, अबोल माणूस. मालकाने सांगितलं की गाडी हाच चालवत होता. माझा मुलगा शेजारी बसला होता, त्याच्या डोक्याला मार लागलाय, त्याला घरी नेलंय. ड्रायव्हर म्हणाला की गाडी धाकटे मालक चालवत होते, मला इथं उभं राहायला सांगून ते गिरणीकडे गेले. त्याचं कोणी खरं धरलं नाही. मीही धरलं नाही. जीपच्या ब्रेकखाली उजव्या पायाची एक चप्पल अडकली होती. आमच्या लेखनिकाने पंचनाम्यात नेहमीच्या सवयीने लिहिलं, ‘आरोपीची चप्पल जप्त केली.’ मी खाली सही ठोकली. त्या काळी पंचनामे असेच लिहिले जायचे. आधी आरोपी ठरायचा, मग वस्तू त्याच्या व्हायच्या.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची बायको ठाण्यात आली. हवालदाराने तिला दारातच अडवलं, तर तिने तिथूनच सांगितलं, ‘आमचा मानूस गाडीत चप्पल घालून कवाच चढत न्हाई. भायेर काडतो, पाया पडतो, मंग बसतो. ती चप्पल त्येच्या पायाला लावून बगा.’ मी कागद चाळत होतो. तिला बाहेर बसायला सांगितलं. ती रोज यायची, चिंचेखाली बसायची, संध्याकाळी उठून डोंगर चढून जायची. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी तिचा कंटाळा येऊन मी मुद्देमालातली चप्पल काढली आणि कोठडीतल्या माणसाच्या पायात घातली. टाचेमागे दोन बोटं जागा उरली.

आता धाकट्या मालकाचा जबाब घेणं भाग होतं. गेलो तर मालकाने पुण्याच्या खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट पुढे केलं: डोक्याच्या आघाताने स्मृती गेली आहे, चौकशी करू नये. तिशीचा धडधाकट गडी कपाळाला पट्टी लावून ओसरीवर बसला होता. बापाला ‘काका’ म्हणायचा, आज वार कोणता विचारलं तर छताकडे बघायचा, दोन अधिक दोन विचारलं तर पाच सांगायचा. आमचा हवालदार बाहेर आल्यावर म्हणाला, ‘साहेब, हे सोंग हाय. पर कागद डाक्टरचा हाय.’

वरिष्ठांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चप्पल कोणाचीही असू शकते, मागून घेतली असेल. नव्वद दिवसांत ड्रायव्हरवर दोषारोपपत्र जाऊ दे, उगाच गिरणीवाल्यांशी वाकडं घेऊ नका. चाकांच्या खुणा वाट सोडून थेट त्या माणसावर वळल्या होत्या, म्हणून दोषारोपपत्र खुनाचं जाणार होतं. माझ्या सहीने एक निरपराध माणूस जन्मठेपेला जायचा, एवढा साधा मामला होता. मी म्हणालो, दिवस अजून आहेत. ते म्हणाले, बदलीलाही फार दिवस लागत नाहीत.

मी हट्टाला पेटलो. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई मानसिक आजाराचं ढोंग कसं ओळखावं यावर संशोधन करतात, असं सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून कळलं. रविवारी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. त्यांचे पती भौतिकशास्त्रातले. उष्णतेचे किरण आणि रेडिओच्या लहरी यांच्या मधल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावर त्यांचं काम चालायचं. तो प्रकाश कागदातून, कापडातून पार जातो, पण हवेतल्या दमटपणाने मरतो, म्हणून पावसाळाभर आपण मोकळेच असतो, असं त्यांनी हसत सांगितलं. मी विचारलं, माणसाच्या डोक्यातून पार जातो का? ते म्हणाले, ‘डोक्यात पाणीच फार. ते खातं हिचं.’

बाईंना मी मोठ्या तोऱ्यात माझा शोध सांगितला. आम्ही दोन दिवस लांबून पाळत ठेवली होती. ज्याला बाप ओळखू येत नाही, तो खळ्यावर पाऊल टाकण्याआधी चपला काढत होता आणि धान्याच्या राशीला वळसा घालून जात होता. म्हणजे सोंग उघड झालं की नाही? बाई म्हणाल्या, ‘नाही. खरोखर स्मृती गेलेला माणूसही चपला काढेल. सवय जात नाही. एवढ्यावरून तुम्ही उद्या एखाद्या खऱ्या आजाऱ्यालाही आत टाकाल.’ मला राग आला. त्यांनी एक अटही घातली. डॉक्टरच्या वेषात वगैरे येणार नाही. पोलिसांच्या विनंतीवरून स्मरण तपासायला आले आहे, असं स्पष्ट सांगेन, आणि निष्कर्ष तुमच्या विरुद्ध गेला तरी तोच लिहून देईन. मी कबूल झालो.

मालकाच्या वकिलाला उलट आनंदच झाला. प्राध्यापकांचा कागद मिळाला तर डॉक्टरच्या कागदाला वजन येईल, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे धाकटे मालक स्वखुशीने तपासणीला बसले.

बाईंनी पतीच्या प्रयोगशाळेत करून घेतलेली एक लाकडी पेटी आणली होती. पेटीवर दोन छोटे दिवे, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाई कुठला तरी एक क्षणभर लावायच्या. मग त्याने भाताचे दहा दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे आणि कुठला दिवा लागला होता ते सांगायचं. बस, एवढंच. असं शंभर वेळा. मालक शेजारी बसून उसासे टाकत होता, ‘त्याला नाही जमायचं हो.’ मुलगा कपाळाला आठ्या घालून, भरपूर वेळ घेऊन उत्तर द्यायचा. बाई प्रत्येक उत्तराला कागदावर खूण करायच्या आणि चेहऱ्यावरची रेषही हलू देत नव्हत्या. मला वाटलं, माझा अख्खा दिवस पोरखेळात गेला.

परतताना जीपमध्ये त्यांनी कागद दाखवला. शंभरातली एकोणीस उत्तरं बरोबर, एक्क्याऐंशी चूक. मी म्हणालो, म्हणजे खरंच आठवत नाही त्याला. बाई म्हणाल्या, ‘साहेब, ज्याला काहीच आठवत नाही तो अंदाजाने बोलेल. दिवे दोनच आहेत. अंदाजाने बोलणाऱ्याची निम्मी उत्तरं बरोबर येतात, पाच-दहा इकडेतिकडे. एक्क्याऐंशी वेळा चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं.’

मला ते समजायला पौडरस्त्याचा बराचसा भाग लागला. समजल्यावर मी ठाण्याच्या जीपवरच्या शिपायाला गाडी थांबवायला लावली आणि उतरून उभाच राहिलो. दोन दुणे पाच सांगणारे मी खूप पाहिले होते. आपण किती आजारी आहोत हे दाखवायच्या नादात खऱ्या आजाऱ्यापेक्षाही जास्त चुकणारा पहिल्यांदाच कागदावर पाहिला. बाईंनी लगेच बजावलं, ‘त्याला आठवतं, एवढंच हा कागद सांगतो. काय आठवतं, ते सांगत नाही. ते तुमचं काम.’

बाईंचा अहवाल घेऊन मी सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि चौकशीला हरकत नाही असं लिहून दिलं. दिवस उरले होते चौदा. वरिष्ठांना न विचारता मी धाकट्या मालकाला अटक केली आणि स्टेशन डायरीला नोंद केली. फोन आला, तेव्हा त्यांना सांगितलं की नोंद झाली आहे, आता खोडता येणार नाही.

चौकशीत मी त्याच्या अंगाला हात लावला नाही. हवालदाराला वाटत होतं लावावा. मी फक्त बाईंचा तक्ता टेबलावर ठेवला आणि समजावलं, जसं मला समजावलं होतं तसं. ‘आंधळा बसवला असता तरी पन्नास बरोबर आली असती,’ मी म्हणालो. ‘आणखी शंभर घ्यायची का? या वेळी किती चुकायचं ते ठरवून बसा.’ तो तक्त्यावरच्या खुणा मोजायला लागला. ज्याला दोन अधिक दोन येत नव्हते, तो बरोबर उत्तरांच्या एकोणीस खुणा ओळीने मोजून थांबला. मग पाणी मागितलं आणि मला विचारलं, ‘दुसरी चप्पल मिळाली का तुम्हाला?’

मी लगेच दोन पंच बोलावले. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीने दाखवलेली वस्तू चालते. चप्पल लपवली ती जागा दाखवतो, असं त्याचं निवेदन नोंदवलं आणि त्याच्यामागे गेलो. गिरणीच्या मागे तुसाचा घराएवढा ढीग होता. त्या दुपारी एकाच पायात चप्पल घेऊन गिरणीलगतच्या घरी आल्यावर त्याने उरलेली चप्पल त्यात खोल खुपसली होती. नंतर काढून नष्ट करता आली असती. पण ज्याला काहीच आठवत नाही, तो तुसाचा ढीग कशाला उकरेल? घरी सारखी माणसं येऊन बघत बसलेली. स्वतःच्या सोंगापायी त्याला तिकडे फिरकता आलं नाही. डाव्या पायाची चप्पल निघाली, जोड जुळला, आणि त्याच्या पायात दोन्ही चपखल बसल्या. शहाऐंशीव्या दिवशी ड्रायव्हर सुटला.

इथे गोष्ट संपली असती तर सहकाऱ्यांची हरकत नव्हती. खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलांनी माझाच पहिला पंचनामा काढला. त्यात जीपमधली चप्पल ड्रायव्हरची म्हटली होती आणि खाली माझी सही होती. आदल्या दिवशी वरिष्ठांनी बोलावून समजावलं, ‘साक्षीत सांगा, एवढं आता आठवत नाही. लेखनिकाने लिहिलं असेल. सगळे तेच सांगतात.’ खरं होतं ते. मी स्वतः आधी चार-पाच खटल्यांत ‘आठवत नाही’ म्हणून सुटलो होतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पोलिसाला जेवढा विसर पडतो, तेवढा वेड्यांच्या इस्पितळातही पडत नसेल.

वकिलांनी विचारलं, हा मजकूर खरा की खोटा? मी म्हणालो, ‘खोटा. चप्पल कोणाची हे मी तपासलं नव्हतं. न तपासता सही केली. मला नीट आठवतं.’ न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं. सरकारी वकिलांनी डोक्याला हात लावला. पण त्यानंतर माझ्या बाकीच्या साक्षीला वकिलांना कुठे धरता आलं नाही, आणि तुसातली चप्पल पंचांनी शाबीत केली. धाकट्या मालकाला जन्मठेप झाली. माझी खात्यांतर्गत चौकशी झाली, ठपका बसला, बढती सहा वर्षं अडली. त्याबद्दल मी कोणाकडे दाद मागितली नाही आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. वस्तीची ती वाट अजून वाहती आहे.

या प्रकरणाने मला ढोंग ओळखायला शिकवलं, असं मी भाषणांतून पुष्कळदा सांगितलंय. अर्धंच सांगितलंय. साक्ष देऊन बाहेर पडलो तेव्हा कोर्टाच्या पायरीवर ड्रायव्हरची बायको बसली होती. तिने ऐकलं होतं सगळं. मला वाटलं, आता ही चार शब्द बरे बोलेल. ती उठलीसुद्धा नाही.

‘मी दुसऱ्याच दिशी बोलले हुते,’ ती म्हणाली. ‘आठ दिस बसले. तुमाला ऐकाया आलं न्हाई व्हय?’

मी काहीतरी पुटपुटून निघून आलो. तिला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते इथे देतो. ऐकायला आलं होतं, बाई. पहिल्याच दिवशी आलं होतं.