संदर्भ दुरुस्त करून मागणारे चुरी सर

२०१४ साली अच्छाड नाक्यावरची चहाची टपरी विकून मी तलासरीत टायपिंगचं दुकान टाकलं. डहाणूच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. चुरी सर पूर्वेकडच्या पाड्यांवरून परतताना एक शोधनिबंध घेऊन आत आले. "किशोरभाई, घाई करू नका. इथे आकडा चुकला, तर तिकडे कुणाचं तरी बियाणं वाया जाईल," असं त्यांनी सांगितलं. गिऱ्हाईक अवघड आहे, हे मी तिथेच ओळखलं.

निबंध उडदाच्या बियाण्याचा होता. राखेत ठेवलेलं बी कोरड्या दिवसांत किडीपासून वाचतं, पण पावसाळी दमट हवेत नीट उगवत नाही, असं त्यात होतं. हा दुसरा भाग गाळा, असं त्यांच्या एका सहकाऱ्यांनी सुचवलं. सर म्हणाले, "मग पुढच्याने पुन्हा तीच खटपट करायची का?"

दुकानात माझे कान उघडेच असतात. निबंध नुसता छापून भागत नाही, इतरांनी आपल्या लेखांत त्याचा संदर्भ द्यायला हवा आणि बढतीच्या मुलाखतीत तेच विचारतात, हे मला तिथेच कळलं. तेच सहकारी एकदा सरांना म्हणाले, "चुरी, तू माझे दोन संदर्भ टाक, मी तुझे दोन टाकतो. कोण बघतंय?"

"वाचणारा बघतो ना!"

ते गेल्यावर मी विचारलं, "सर, मग लोक संदर्भ देतात तरी कशामुळे?"

"कधी लेख खरंच उपयोगी पडतो. कधी सहज हाताशी लागतो. कधी आधीच्याने दिला म्हणून पुढचा देतो, न वाचताच."

"आणि मोठं नाव असलं तर?"

"तेही चालतं. म्हणून तर माझं चालत नाही!" असं म्हणून सर मनापासून हसले.

चार वर्षं त्या निबंधाकडे कुणी फिरकलं नाही. मग बढतीची मुलाखत तोंडावर असताना पहिला संदर्भ आला. मी फाफडा-जिलबी मागवली. सर दुकानातच तो लेख वाचू लागले आणि त्यांचा हात बशीवरच थांबला.

"यांनी माझ्या नावावर उलटंच लिहिलंय. राखेत बी वर्षभर टिकतं, म्हणे!"

"सर, मुलाखत होऊ द्या, मग कळवा."

"आणि तोवर कुणी भर पावसात बी राखेत ठेवलं तर?"

त्यांनी तिथेच ई-मेल सांगितला, मी टाइप केला. त्या संशोधकांनी आभार मानून वाक्य मागे घेतलं आणि त्यासोबत संदर्भही गेला. बढती हुकली. पुढच्या शनिवारी सर नेहमीसारखे आले, ते माझ्या मुलीला बारावीचं वनस्पतिशास्त्र शिकवायला. फी विचारली की म्हणायचे, "माझे तक्ते नीट टाइप करा, झालं!"

यंदा तेच संशोधक सरांना शोधत डहाणूला आले. त्यांना सरांचे फसलेले सगळे प्रयोग हवे होते. त्यांच्या नव्या लेखात सरांचा संदर्भ आहे, तोही नेमका पावसाळ्याच्या भागाचा. सरांनी तो दोनदा वाचला. "बरोबर घेतलंय," एवढंच म्हणाले आणि जिलबीकडे वळले.

सर साठी पूर्ण करून, बढतीशिवायच, निवृत्त होत आहेत. त्यांना ठणठणीत, दीर्घ आयुष्य लाभो. दुकानात त्यांची खुर्ची आहेच. फाफडाही येईल, पण तो निवणार हे ठाऊक आहे. सर आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार.