शेवाळे सरांचं ‘बेस्ट’

स्टाफरूममध्ये कुणी चहाचा घोट घेऊन “बेस्ट!” म्हणालं, की शेवाळे सर आपला कप खाली ठेवायचे. “नाशकातले सगळे चहा पिऊन झाले वाटतं?” झालं! पुढच्या घोटाची मजा गेलीच. ते इंग्रजी शिकवायचे, मी हिंदी; शिवाय गंगापूर रोडला आमची घरं समोरासमोर. म्हणजे हा छळ मला शाळेतही होता आणि घरीही. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी ‘बेस्ट’ म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

“बेस्ट म्हणजे सगळ्यांच्या पुढचा,” ते पोरांना सांगायचे. “सगळे बघितल्याशिवाय कसं म्हणणार? गुड म्हणा, व्हेरी गुड म्हणा. खोटं कशाला बोलायचं?” आणि तेव्हा तर रिक्षावाल्यापासून भेळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. पिक्चर बेस्ट, साडी बेस्ट, काल पोट बिघडलं होतं, आज बेस्ट. सरांचा अगदी जीव जायचा. वहीवर त्यांनी तो शेरा कधी कुणाला दिला नाही. स्वतःच्या लेकीलाही नाही. वर्षा शाळेत पहिली आली तेव्हा म्हणाले, “गुड. आपल्या शाळेपुरतं.” पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, “अहो सर, लेकरू आहे ते, व्याकरणाचं पुस्तक नाही!” ते नुसते हसले.

वर्षा नोकरीला लागली आणि सटाण्याचं एक स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी, माणसं मोकळी. सरांची बायको आधीच वारलेली, म्हणून पोहे करायला आणि बाजू सावरायला मी. मुलाचे वडील खाता खाता हसत अहिराणी ढंगात म्हणाले, “काय मास्तर, पोरगी एकदम बेस्ट शे ना?” असल्या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणायचं असतं हो! आणि आमचे सर विचारात पडले. “चांगली आहे,” म्हणाले. “बेस्ट... तसं कसं सांगता येईल? मी काही सगळ्या मुली बघितलेल्या नाहीत.”

पोहे बशांत तसेच राहिले. मुलाच्या आईने पर्स उचलली. बापच असं म्हणतो म्हणजे काहीतरी असणार, असं नंतर नातेवाइकांत फिरलं. वर्षा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिची मान खाली गेली ती वर आलीच नाही. पाहुणे गेल्यावर मी सरांना नको नको ते बोलले. “चुलीत घाला तो तुमचा शब्द!” ते जमिनीकडे बघत म्हणाले, “चुकलं बाई. फार चुकलं.” त्यानंतर मी दिसले की ते रस्ता बदलायचे, आणि वर्षा त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

पुढचं स्थळ पंचवटीतलं. पोहे करायला मला वर्षानेच बोलावून नेलं. या वेळी कुणी काही विचारलंही नव्हतं. सरांनीच घसा खाकरला आणि म्हणाले, “आमची वर्षा बेस्ट आहे.” एवढं बोलून कान लालबुंद! पाहुणे मात्र खूश झाले. तिथल्या तिथे जमलं.

ते गेल्यावर बशा उचलता उचलता वर्षा म्हणाली, “बाबा, माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतं तुम्ही.” आवाज कोरडा होता.

सर म्हणाले, “खोटं नव्हतं गं. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ठाऊक होतं मला. लाज वाटते ती याची, की ते तुला सांगायच्या आधी परक्यांना सांगितलं.”

वर्षा मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. सरांनी तिच्या डोक्याकडे हात नेला, आणि आपल्याला तो हक्क उरलाय की नाही, अशा विचाराने मध्येच थांबवला. मी उठले आणि तो हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला.