सरांचा संशय

काल एका विद्यार्थिनीनं पीएच.डी.चा प्रबंध हातात ठेवला. नुकताच झेरॉक्स केलेला, अजून कोमट. त्या कोमट कागदांच्या वासानं मी थेट कित्येक वर्षं मागे, माझ्या गाइडसरांच्या खोलीत जाऊन पोचले.

बुटीबोरीच्या कापड कारखान्यातल्या बायांवर मी पहिलं प्रकरण लिहून नेलं होतं. सरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा काढला.

"कुठून उतरवलं वं हे?"

माझे कान तापले. "माझंच आहे, सर."

"मग ठेव तो कागद. घरी मायले सांगते तसं सांग."

मी रागारागानंच सुरू केलं. "बाया मशीनवर गाणं म्हणून राहिल्या असतात, सर. पण खडखडाटात आवाज कोणालेच येत नाही. एकीचे ओठ पाहून दुसरी पुढची ओळ उचलते." सांगता सांगता मी कधी उठले, हात मशीनसारखे कधी चालायला लागले, कळलंच नाही.

सर पोट धरून हसले. "तुहंच आहे. चोराचे हात असे नाही चालत."

तेव्हा मी घुश्शातच घरी गेले. आता मात्र वाटतं, चोरीचं वाटावं इतकं चांगलं लिहिलं होतं मी.

कालच्या प्रबंधासोबत, मजकूर चोरलेला नाही ना हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवालही होता. तो बाजूला ठेवून मी त्या पोरीला म्हटलं, "मायले सांगते तसं सांग वं."

ती आधी चिडली. मग तिचे हात चालायला लागले.